कालवणात गेलेलं शीड

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ कालवणं बिघडली. पण एका कालवणाची आठवण निघाली की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. त्यात मीठ जास्त झालं नव्हतं, तिखटही बेताचंच होतं. चूक वेगळीच होती, आणि ती कळायची तर आमच्या घरात कोण कोणाशी बोलत होतं आणि कोण बोलत नव्हतं, ते आधी सांगायला हवं.

घरात आम्ही तिघंच. मी, आमचे हे, आणि मामंजी, म्हणजे ह्यांचे आबा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तिसगावपासून चालत तासाभराच्या अंतरावर आमचं गाव, चहूकडे माळ आणि मध्ये थोडी काळी जमीन. मी संगमनेरकडची, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेली, मॅट्रिक झालेली. सत्तर साली लग्न होऊन इथं आले आणि गावच्या शाळेत बाई म्हणून लागले. कुणाचं पत्र आलं की वाचायला माझ्याकडे, कुणाचा अर्ज असला की लिहायला माझ्याकडे. शिकलेली सून म्हणून मिरवायची हौस मला होतीच, खोटं कशाला बोलू.

ह्यांचं असं झालं होतं, की सतराव्या वर्षी हे घरातून पळाले ते थेट मुंबईला. बंदरावर एका कोळी तांडेलाच्या हाताखाली, त्याच्या मासेमारीच्या लाँचवर खलाशी म्हणून राहिले. आठ वर्षं. सासूबाई गेल्या तेव्हा हे समुद्रात होते. तार धक्क्यावर पडून राहिली. हे घरी पोचले तोवर तेरावंही उरकलं होतं. त्या दिवसापासून मामंजींनी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. घराबाहेर काढलं नाही, शिवी दिली नाही, पुढं लग्नही लावून दिलं. फक्त बोलायचं नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. हे दोन हातांवर बसलेले असायचे आणि मामंजी मला म्हणायचे, सांग त्याला, बैलास्नी पानी दावायचं हाय. मी मान वळवेपर्यंत हे उठलेलेच असायचे. ह्यांचं उत्तरही माझ्याच वाटेनं परत जायचं. पहिले सहा महिने मला हसू यायचं, नंतर डोकं उठायला लागलं. बाप-लेकाच्या मध्ये मी तारेचा खांब झाले होते नुसती.

समुद्राचा विषय निघाला की मामंजी ‘थापा’ एवढंच म्हणायचे आणि उठून जायचे. गावानंही तो शब्द उचलला. चार माणसांत हे हसण्यावारी न्यायचे. पण मामंजींनी तो शब्द काढला की ह्यांचा ताटातला हात तिथंच थांबायचा, ते फक्त मला दिसायचं. ह्यांना बापाकडून जमीन नको होती, कौतुक नको होतं. आपण तिकडे जे बघितलं ते खरं होतं, एवढंच बापानं मानायला हवं होतं. आईला मुकून जे बघितलं ते निदान खोटं तरी ठरू नये, असं एकदा ह्यांनी मला बोलून दाखवलं. 

बहात्तरला पाऊस आलाच नाही. त्र्याहत्तरचा फाल्गुन उजाडला तेव्हा विहिरीत बादली बुडत नव्हती, घरात रेशनची तांबडी मिलो ज्वारी, आणि रानात करण्यासारखं काही म्हणजे काही नाही. शाळा सकाळची. दुपारी आम्ही दोघं दारच्या लिंबाखाली बसायचो. समोर मोकळी काळी शेतं, पार टेकडीपर्यंत. ऊन चढलं की त्या शेतांवर पाणी हलायला लागायचं. ते मृगजळ. पोरांना मीच फळ्यावर शिकवायची, की ते पाणी नसतं, तापलेली हवा असते. पण डोळे अर्धे मिटून बसलं की माझं शिक्षण त्या उन्हात विरघळून जायचं आणि टेकडीच्या पायथ्याला लाटा लागलेल्या दिसायच्या. हे त्या पाण्याकडे बोट करायचे. तिथं बघ, म्हणायचे, तिथून वर येतो तो.

तो म्हणजे शिडाचा मासा. त्याचं खरं नाव काय ते मला कधी नीट कळलं नाही. लाँचवर जो-तो आपापल्या गावचं नाव घ्यायचा, म्हणून हे नुसतं शिडाचा मासा म्हणायचे. दीड माणूस लांब. वरचा जबडा पुढं निघून त्याची झालेली लांब, खरखरीत चोच. आणि पाठीवर शीड. माशाच्या अंगापेक्षा उंच शीड, डोक्यापासून जवळजवळ शेपटीपर्यंत. एरवी ते दिसतसुद्धा नाही. पाठीवर एक खाच असते, तिच्यात ते घडी होऊन बसतं, आणि मासा असा सुटतो की लाँच मागे पडावी. शीड उघडायचं ते काम निघालं तरच.

काम म्हणजे तारल्यांची, वीतभर चंदेरी मासळीची, शिकार. थंडीच्या दिवसांत तारल्यांचे थवे पाण्यात वर येतात, त्यांच्या मागोमाग हे येतात, दहा-दहा, वीस-वीस. शिडं उभी करून तारल्यांना चारी बाजूंनी वळतात. मेंढरं वळवावीत तसं, अगदी घाई न करता. थवा दबत दबत गोळा होतो आणि जागच्या जागी गरगरत राहतो. मग एक मासा आत शिरतो. सगळे एकदम नाही हं, हे बजावून सांगायचे. एकच जातो. चोच हळूच थव्यात घालतो, मग डावी-उजवी सपकन मारतो, लागेल ती तारली उचलतो आणि बाहेर येतो. मग दुसरा. तोवर बाकीचे शिडं उभारून कड राखतात. घाव लागलेल्या तारल्यांचे खवले सुटतात आणि चमकत चमकत खाली अंधारात जातात. लाँचच्या काठावर ओणवं होऊन हे ते बघत राहायचे आणि तांडेलाच्या शिव्या खायचे.

“आपली सावड असते ना,” हे म्हणाले, “आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या. तसंच.”

मामंजी आत पडवीत पाठ करून बसलेले. ऐकत नसल्याचं सोंग ते फार छान करायचे. आतूनच म्हणाले, सूनबाई, सांग त्याला, हितं मान्सं सावड मोडाय लागली आन् तिकडं मासं करत्यात व्हय. आणि उठून गोठ्याकडे गेले.

हे तेवढ्यानं थांबले नाहीत. पुन्हा हळू आवाजात सुरू झाले. ह्या माशाची मादी अंडी सोडते ती लाखांनी, ज्वारीच्या दाण्याहून कितीतरी बारीक, पाण्यावर तरंगणारी. बहुतेक दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यातून एखादं जगलं की ते अशा घाईनं वाढतं, की वर्षाच्या आत पहिलीतल्या पोराएवढं लांब. एकदा जाळ्यात बोटभर पिल्लू आलं होतं. चोच अजून आखूड, पण शीड मात्र तयार. मोठा झाला तरी फार वर्षं जगत नाही, तांडेल सांगायचा, घाईचा जीव आहे तो. मी ऐकता ऐकता पेंगत असायची, आणि त्या पेंगेत समोरच्या शेतातून बोटाबोटाएवढी शिडं उगवून आलेली मला दिसायची, ज्वारी उगवते तशी ओळीनं.

तोवर मामंजी परत येऊन पडवीत पुन्हा पाठ करून बसले होते. त्या दुपारी ह्यांनी शेवटी ते सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा लाँचच्या पंख्यात दोर गुंतला. सुरी तोंडात धरून हे पाण्यात उतरले. दोर कापून वळतात तर शेजारी तो. हात लांबवला असता तर लागला असता. डोळा वाटीएवढा, आणि तो डोळा ह्यांना बघत होता. पाठ काळपट निळी होती. बघता बघता अंगावर फिकट निळे पट्टे उमटले, वरून खाली, एकामागून एक. मग सगळ्या अंगावर तांब्याची झाक आली. मग पुन्हा निळा. शीड सावकाश उघडलं, त्यावर काळे ठिपके होते. मग ते खाचेत मिटलं आणि तिथं नुसतं पाणी राहिलं. किती वेळ चाललं असेल हे, मी विचारलं. भाकरी उलथायला लागतो तेवढा, हे म्हणाले.

आणि मी काय केलं? हसले. मासा आहे की सरडा, म्हणाले. माझ्या मनात वाईट नव्हतं, पण जीभच तशी तिखट. त्यातून मनात खरंच आलं होतं, की हे आता रंगवून सांगतायत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग समोरच्या खोट्या पाण्याकडे बघत राहिले, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिसगावला जाऊन ह्यांनी तांडेलाला पत्र टाकलं. ते मला सांगितलं नाही. का सांगावं?

चैत्रात शेवगावच्या बाजूला गुरांची छावणी उघडली. हे आमची जोडी घेऊन तिकडे गेले, एक तांबडा आणि एक पांढरा. तिथं चारा होता, पण गुरांजवळ घरचं माणूस लागायचं. इकडे घरात मी आणि मामंजी. सकाळी मिलोची भाकरी आणि चटणी, संध्याकाळी चटणी आणि मिलोची भाकरी.

वैशाखात एका दुपारी पोस्टमन आला तो पार्सल दोरीनं धरून, हात होईल तेवढा लांब करून. बाई, घ्या एकदाचं, म्हणाला, सायकलला माशा लागल्यात. वर ह्यांचं नाव, मुंबईचा शिक्का. आत चिठ्ठी नाही. तांडेलाला लिहिता येत नव्हतं, पत्ताही कुणाकडून तरी घालून घेतलेला. गोणपाट उसवलं. आत दोन हात लांबीची एक गुंडाळी. राखेच्या रंगाची, मिठानं पांढरी झालेली, कडक, आणि आत लांब लांब काड्या.

मला क्षणभरही शंका आली नाही. तिसगावच्या बाजारात सुकट, बोंबील अशाच गोणपाटात यायचे, असेच मिठाचे, असेच राखेच्या रंगाचे, असाच वास. आमच्याकडे समुद्र यायचा तो वाळूनच. दुष्काळ पडलाय म्हणून त्या परक्या माणसानं आम्हाला खायला पाठवलं, असं वाटून माझे तर डोळे भरून आले. मीठ काढायला मी हंडाभर पाणी खर्चलं. त्या वर्षी हंडाभर पाणी म्हणजे काय, ते ज्यांनी बघितलं त्यांनाच कळेल. भिजल्यावर काड्या सुटून आल्या, त्या मी बाजूला टाकल्या, काही चुलीत सारल्या. बाकीचं विळीवर चिरलं, लसूण-मिरचीचा ठेचा घातला आणि कालवण केलं. घरभर वास सुटला होता, आणि मी खुशीत होते.

मामंजी बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, सूनबाई, ह्यो मासा हाय का छत्रीचं कापड. पण वाढलेलं सगळं खाल्लं, वर रस्सा मागून घेतला. जेवणानंतर उरलेल्या काड्या गोळा करून त्यांनी छपराच्या वळचणीत खोचून ठेवल्या. चिलीम साफ करायला बऱ्या, म्हणाले.

आठवड्यानं हे आले. कासरा एकच होता. पांढरा तेवढा मागे चालत होता.

तांबडा छावणीतच गेला. अंगणात उभे राहून ह्यांनी ते मला सांगितलं, म्हणजे मामंजींना सांगितलं. तांबडाभडक बैल, पण मेल्यावर मातीच्या ढिगासारखा दिसत होता, जवळ जाऊनही ओळखू येईना, हे म्हणाले. मामंजी पुढं झाले. पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

ह्यांनी भाकरीला हात लावला नाही. मला वाटलं काहीतरी बरं बोलावं. म्हटलं, तांडेलानं मासळी पाठवली होती, तुमच्यासाठी तुकडा ठेवलाय. तळहाताएवढा तुकडा मी न भिजवता राखून ठेवला होता, काळे ठिपके असलेला. तो आणून ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी तो उजेडात धरला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

“हे शीड होतं,” हे म्हणाले. “आबांना दाखवायला मागवलं होतं.”

धरणीनं पोटात घ्यावं तर बरं, असं म्हणतात ना, तसं मला झालं. मी पदर तोंडात कोंबून रडले. हे ओरडले असते तर मी दोन शब्द उलट बोलून मोकळी झाले असते. पण हे रागावले नाहीत. असू दे, म्हणाले, तसंही ह्यात निळं काही उरलेलं नाही, पाण्याबाहेर मेला की घटकाभरात त्याचा रंग जातो. आबा म्हणाले असते, हा तर राखेसारखा आहे. तुकडा खिशात घालून हे गोठ्यात गेले. मामंजी पडवीत बसून होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आले तर मामंजी अंगणात उकिडवे बसलेले. वळचणीतल्या काड्या त्यांनी काढल्या होत्या आणि धुळीत मांडत होते. हाती येईल तशा नाही. एकेक काडी दुसरीला लावून मापायची आणि मग जागेवर ठेवायची. एका टोकाला आखूड, मग वाढत वाढत मध्ये दीड-दीड हात, मग उतरत उतरत दुसऱ्या टोकाला बोटभर. मी चुलीत घातलेल्या काड्यांच्या जागा त्यांनी मोकळ्या सोडल्या होत्या. आयुष्यभर पाभर न् कुळव जुळवलेला माणूस तो. मी मागे उभी राहिले आणि मला अंगणात ते पडलेलं दिसलं, सबंध शीड, एका भिंतीपासून पार लिंबापर्यंत गेल्यासारखं. त्यावरून लिंबाच्या सावल्या हलत होत्या. मला वाटलं आता ते उठेल.

मामंजींना मी आल्याचं कळलं. उबं ऱ्हायलं तर केवढं व्हईल ग, त्यांनी विचारलं. मी हात वर करून दाखवलं. त्यांनी मान हलवली. गोठ्याच्या दारात हे उभे होते. मामंजींनी तिकडे बघितलं नाही, काड्यांकडे बघतच बोलले.

“सांग त्याला, तांबडा मेला तवा त्याचा रंग ऱ्हायला का? मेल्यावर कुनाचाबी ऱ्हात न्हाई.” मग आवाज खाली आला. “त्याच्या आईचाबी न्हाई ऱ्हायला. त्यानं तिला जित्तीच बगितली. बरं झालं.”

मला ते सांगायचं होतं. पण सांगायची गरजच उरली नव्हती. हे दाराला टेकून खाली बसले होते आणि गुडघ्यात तोंड घालून रडत होते.

त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला. श्रावण सरत आला, पोळा आला. पोळ्याला जोडी मिरवायची असते. ज्याचा एकच बैल राहिला, तो त्याला घरीच ओवाळतो आणि दारातूनच मिरवणूक बघतो. त्या वर्षी गावात अशी बरीच घरं होती. मीही तेच धरून चालले होते. पण सकाळी मामंजींनी पांढऱ्याला धुऊन अंगणात उभा केला आणि मला म्हणाले, इचार त्याला, कसा हुता रंग.

मी दुकानातून निळीच्या पुड्या आणल्या. ह्यांनी आधी पाठ गडद निळी केली. मी वाटी धरून उभी राहिले. मग दोन्ही बाजूंनी वरून खाली फिकट पट्टे. मग पोटाकडे तांबड्या कावेत हळद घालून तांब्याची झाक. बैल शांत उभा होता, मध्येच मान वळवून आपल्याच अंगाकडे बघत होता. तोवर मामंजी पडवीत झूल घेऊन बसलेले. ती झूल सासूबाईंनी शिवलेली, तांबड्याची. तिच्या मधोमध त्यांनी एकेक काडी ओळीनं टाचली, जिथं माझ्या चुलीनं काड्या खाल्ल्या होत्या तिथं बांबूच्या कामट्या. मग झूल पाठीवर टाकून दोरे ताणले, आणि ती वर उठली. काळ्या कापडाचे ठिपकेसुद्धा लावले होते म्हाताऱ्यानं. मी ते विसरले होते, त्यांनी पडवीत पाठ करून बसून ऐकलेलं होतं.

वेशीत सगळ्या जोड्या उभ्या, हिंगुळानं रंगवलेली शिंगं, बाशिंगं, गळ्यात माळा. आमचा एकटा बैल येताना दिसला आणि आधी वाजंत्री थांबली, मग हसू फुटलं. पोरं मागे धावायला लागली. वाऱ्यानं झूल भरली, आणि माणसांच्या डोक्यांवरून ती निळी पाठ आणि ते शीड हळूहळू पुढं सरकत होतं. मी ते अजून बघते. दुपारी डोळा लागला की बघते, फक्त त्यात वेस नसते, नुसतं पाणी असतं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, आरं, ह्ये काय सोंग आनलंय म्हनायचं.

मामंजी थांबले. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले.

“मासा हाय. समिंद्रातला. माज्या पोरानं बगितलाय.”

हसू थांबलं असं मी म्हणणार नाही, थोडं चालूच राहिलं. पण मामंजींचं तिकडे लक्ष नव्हतं. वेशीतून बैल न्यायचा मान घरातल्या कर्त्याचा. त्यांनी मागे वळून हातातला कासरा ह्यांच्यापुढे धरला.

“धर,” ते म्हणाले. “तू ने.”

ह्यांनी कासरा घेतला आणि बैल वेशीतून नेला. मी दोघांच्या मध्येच उभी होते, पण त्या दिवशी मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.